फुकटचा कुकर आणि चार नावं

आत्ताच ड्यूटीवरून आलोय. डोकं भणभणतंय, म्हणून इथे ग्रुपवर लिहितोय.

सहा महिन्यांपूर्वी आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कँटीनमध्ये क्रेडिट कार्डचा एजंट आला होता. "सर, कार्ड लाइफटाइम फ्री. ओळखीची चार नावं दिलीत तर कुकरही फ्री." मी कार्ड घेतलं, चार सहकाऱ्यांची नावं दिली. माझं बघून त्यांनीही घेतलं.

या आठवड्यात पाचही जणांना वर्षाची फी लागून आली. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होतं म्हणे, दर महिन्याला ठरावीक खरेदी केली तरच फ्री.

आज जेवायच्या सुट्टीत मी त्या चौघांतल्या सायखेड्याच्या बोरस्तेभाऊंना विचारलं, "भाऊ, फॉर्म वाचला नव्हता का तुम्ही?"

"नाय वाचला. तू भरलाय म्हनल्यावर त्यात वाचायचं काय?" एवढंच बोलले आणि डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.

मी तिथूनच बँकेला फोन लावला. कार्ड बंद करा म्हटलं, तर म्हणे आधी फी भरा, मगच बंद होईल. मी जाम ओरडलो. तशी पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमची फी माफ करू ना सर. फक्त चार नवीन नावं द्या."

खोटं कशाला बोलू? या ग्रुपमधल्या दोघांची नावं अगदी ओठांवर आली होती. कसाबसा फोन ठेवला.

उद्या परत फोन करते म्हणालीय ती. त्यानंतर माझा फोन आला, तर तुम्ही उचलाल?