मार्वेला बोट कललेलीच राहिली

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसतीच वाचतेय. खरं सांगते, तुमच्यातल्या निम्म्या अनुभवांवर मी मनातल्या मनात हसले आहे. भुतंखेतं, करणी, नजर... आमच्या नातेवाइकांत या गोष्टींना तोटा नाही आणि मी कधी एकीलाही भीक घातली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मिरवायला सांगतेय असं वाटेल, तर हो, मिरवायलाच सांगतेय. कारण ते कशातून झालंय ते मला माहीत आहे.

आजोबा गिरणीत होते. गिरणी गेली, लालबागची खोली गेली आणि आम्ही चारकोपला आलो. बाबा तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला वेल्डिंग करायचे. ते होते तोवर भागत होतं. ते गेल्यावर — म्हणजे नाहीसे झाल्यावर — आई पोळीभाजी केंद्रासाठी पहाटेपासून पोळ्या लाटायला लागली. लाटून लाटून तिचा उजवा खांदा कायमचा खाली आला. कॉलेजला जाताना माझ्याकडे धड अशी एकच सलवार होती. ती वाळली नाही की लेक्चर बुडायचं. मैत्रिणींना मी सांगायचे, पोट दुखत होतं.

आता बाबा कसे नाहीसे झाले ते.

मार्वेच्या धक्क्यावरून बोट करून गेलं की मनोरीच्या पुढे वाळूची एक पट्टी आहे. माड, थोडी सुरूची झाडं, मागच्या अंगाला खडक. ओहोटीला कोरड्या पायांनी जाता येतं म्हणतात, भरतीला चारी बाजूंनी पाणी, पक्कं बेट. नाव देत नाही. उद्या लोक रील काढायला जातील. वर्कशॉपच्या माणसांनी तिथे फॅमिली पिकनिक काढली होती. माझं दहावीचं वर्ष, क्लास बुडवायचा नाही म्हणून मी घरी राहिले. आई-बाबा गेले.

परतीला दोन बोटी होत्या. पहिलीत बायका-मुलं आणि काही पुरुष, दुसरीत बाकीचे. बाबा तेव्हा मागच्या खडकांवर मटणाचा मोठा टोप घासत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना खरकटं भांडं बोटीत चढलेलं चालायचं नाही. आईला पहिल्या बोटीतून त्यांची पाठ दिसत होती. तिने हाक मारली, "अवो..."

आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. आई तर त्यातली कट्टर. बँकेत, रेशन ऑफिसात कुणी "नवऱ्याचं नाव?" विचारलं की ती मला कोपर मारायची आणि मी सांगायचे, दत्ताराम. तर त्या दिवशी तिने "अवो" म्हटलं आणि बोटीतले चार पुरुष वळले. एकजण म्हणाला, "वहिनी, नक्की कुणाला?" सगळे हसले. आई लाजली, गप्प बसली. बाबांची पाठ तशीच. बोट सुटली.

पहिल्या बोटीला वाटलं ते दुसरीत आहेत. दुसरीला वाटलं बायकोबरोबर पहिलीत गेले. मार्वेला सगळे उतरले तेव्हा कळलं. पुन्हा बोट गेली तोवर खडक पाण्याखाली होते. टोप वाळूवर मिळाला. घासलेला, पालथा घातलेला. बाबा मिळाले नाहीत... काहीच मिळालं नाही. पोलीस झाले, मच्छीमारांनी शोधलं, किनाऱ्याकिनाऱ्याने विचारून झालं.

काही मिळालं नाही म्हणून आईने त्यांचे दिवस करू दिले नाहीत. गावाहून काका आले, भांडून गेले. आईचं एकच, "वारो होतो, तेंका आयकाक गेला नाय. येतले." आणि रोज दुपारी बाबांचं ताट आधी वाढायचं, झाकून ठेवायचं. त्या ताटाशी बोलायचं, पोरगी ऐकत नाही, गॅस महागलाय, असं सगळं. तीन-साडेतीन वाजले की तेच ताट ओढून स्वतः जेवायचं. इतकी वर्षं. मी सोडून दिलं होतं. माणूस कशावर तरी जगतं.

पण मग तिला डायबेटिस निघाला. सकाळी गोळी घ्यायची आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत उपाशी बसायचं. साखर धाडकन उतरायची. एकदा ओट्यापाशीच पडली, गॅस चालू. शेजारच्यांना वास आला म्हणून वाचली. दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट करावं लागलं. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, पुढच्या वेळी कदाचित आणायला उशीर होईल, आईला वेळेवर जेवायला घाला. मी घरी येऊन हात जोडले, ओरडले, रडले. तिचं उत्तर ठरलेलं, "तू जेव. माका घाई नाय."

आणि त्याच सुमाराला आमच्या बिल्डिंगच्या साटम काकींनी बायकांची ट्रिप काढली. एक दिवसाची, मार्वेहून बोटीने, त्याच बेटावर. काकींना जुनं काही माहीत नव्हतं, त्या नंतर राहायला आलेल्या.

माझं डोकं हिशेबी आहे. मी विचार केला, आईने ती जागा त्या दिवसानंतर पाहिलेलीच नाही. नेऊन दाखवू. वाळू आहे, झाडं आहेत, कुणी नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं की सुटेल. मी तिला सरळ म्हटलं, "चल, बाबांना जेवण तिथेच नेऊन देऊ. नाही आले तर तू तिथे माझ्याबरोबर एक वाजता जेवायचं, आणि मग घरीही. रोज." तिने झाकलेल्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाली, "बांगडे हाड गो." मी बाजारातून बांगडे आणले.

ट्रिप म्हणून ट्रिप झकास होती. बोटीत हाऊजी, स्पीकरवर गाणी, काकी नाचताना पडता पडता वाचल्या. बोटवाले पास्कलभाऊ म्हणून मनोरीचे एक शांत गृहस्थ. त्यांनी निघताना आम्हाला दोन्ही बाजूंच्या बाकांवर नीट वाटून बसवलं होतं. काकींना म्हणाले, "तुम्ही मधोमध बसा." काकी म्हणाल्या, "सांगा ना सरळ, जाडी आहेस म्हणून."

बेटावर आईने मागच्या खडकांपाशी केळीचं पान मांडलं. भात, बांगड्याची आमटी, तळलेला बांगडा, लिंबू. मी सावलीत तिच्या शेजारी. काकी येऊन मला ओरडून गेल्या, "आईला जरा मोकळं सोड की, पोलीस आहेस काय तू." एक वाजला. कुणी आलं नाही. मग बेटावरचं एक पांढरं कुत्रं आलं, बांगडा तोंडात धरला आणि झाडीत गेलं. मी दगड उचलला तर आई म्हणाली, "खावं दे." आणि ठरल्याप्रमाणे माझ्याबरोबर जेवली. मला वाटलं, जिंकले. तुम्ही या ग्रुपवर लिहिता तसं कावळा, पिंड, काही झालं नाही. कुत्र्याने मासा नेला, एवढंच.

चारच्या सुमाराला निघालो. भरती लागली होती. बोट गुडघाभर पाण्यात, डाव्या अंगाला लाकडी शिडी. सकाळच्याच जागांवर सगळ्या बसल्या. आई शिडीजवळ, मी समोर. पास्कलभाऊंनी विचारलं, सगळ्या आल्या का. काकींनी हो सांगितलं. ते शिडी ओढायला वाकले आणि आईने त्यांचा हात धरला.

ती उभी राहिली. खडकांकडे तोंड करून म्हणाली,

"दत्ताराम."

आवाज जेमतेम. पण कुणीतरी स्पीकर बंद केला. तिच्या तोंडून ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग तिने मोठ्याने, पोट आत ओढून हाक मारली.

"दत्ताराम... चला. बोट सुटता."

आणि शिडीच्या बाजूने बोट खाली दबली.

लाटेने हलते तशी नाही. लाटेने बोट वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. ही नुसती खाली गेली — जड माणसाने शिडीवर पाय दिल्यावर जाते तशी — आणि तिथेच राहिली. काकींच्या पायाजवळची पाण्याची बाटली घरंगळत आईच्या पायाशी आली. आईने आपली पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकून बसली. तिच्या बाजूची फळी ओली होती. बोटीत सगळंच ओलं असतं, म्हणून त्याचं मी काही सांगत नाही.

पास्कलभाऊंनी आधी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, डावीकडच्या दोघीतिघी उजवीकडे या, वजन एका बाजूला झालंय. बायका सरकल्या. काकी म्हणाल्या, "मी एकटी आले तरी पुरे," आणि त्याही उजवीकडे गेल्या. बोट कललेलीच. भाऊंनी तळाच्या फळ्या उचलून आत पाणी भरलंय का पाहिलं. नव्हतं. मग इंजिन चालू केलं आणि अगदी सावकाश हाकली. डाव्या बाकावर आता आई एकटी. उजवीकडे आम्ही सगळ्या, आणि बोट तिच्या बाजूला झुकलेली.

आईने माझ्याकडे फणी मागितली. केस नीट केले, पदर सारखा केला. बाबा कामावरून यायच्या वेळेला ती असंच करायची, हे मी विसरूनच गेले होते. तिचा चेहरा... ते मला लिहिता येत नाही.

मार्वेला पोचलो. धक्क्यावर नेहमीची गर्दी, स्कूटरवाले, फेरीची रांग. एकेक करून बायका उतरल्या, मी उतरले, शेवटी आई. ती चार पावलं चालली आणि वळली. बोट रिकामी होती. खाडीचं पाणी सपाट, शेजारच्या बोटी सरळ उभ्या. आमची डावीकडे कललेली. पास्कलभाऊ दोर हातात धरून नुसते बघत होते.

आई म्हणाली, "उतरा. इलो आपण."

काही नाही. काकी म्हणाल्या, "वहिनी, रिक्षा..." आणि बोटीकडे बघत राहिल्या.

"उतरा ना." आई हात पुढे करून थांबली. किती वेळ ते मला माहीत नाही. फेरी एकदा भरून गेली. मी तिच्या खांद्याला धरलं, त्या खाली आलेल्या उजव्या खांद्याला. शेवटी तिने हात खाली घेतला.

"नाय येवचा?" तिने विचारलं. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "बरा. ऱ्हवा मगे."

बोट सरळ झाली. बसलेल्या माणसाने उठावं तशी, हळू.

पास्कलभाऊंनी गळ्यातला क्रॉस मुठीत धरला होता. मला म्हणाले, "ताई, आईला घरी घेऊन जा."

रिक्षात मी बडबडत होते. करंट असेल, बोट वाळूत टेकली असेल, असं काहीबाही. आईने मला मध्येच थांबवलं. रागाने नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"नावान हाक मारलंय, तशे इले," ती म्हणाली. "तेवाच मारूक होयी होती."

करंट, वाळू हे शब्द मी पुन्हा तिच्यासमोर काढले नाहीत. कारण इतकी वर्षं तिच्याजवळ वारा होता. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नाही, ज्याच्या त्याच्या नशिबाने झालं. तो वारा मी तिच्याकडून काढून घेतला. नाव घेतलं असतं तर ते टोप टाकून आले असते, हे तिला आता पक्कं माहीत आहे. मी कितीही शिकलेली असले तरी ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

मी विचारायचं ते विचारलं आहे. ऑफिसातल्या एका इंजिनिअर सरांनी कागदावर बोट काढून वजन, पाणी, वारा सगळं समजावलं. मी मान्य केलं. फक्त आईचं बोलणं संपेपर्यंत बोट कशी थांबली, हे विचारल्यावर त्यांनी पेन खिशाला लावलं. काकी तो विषय काढत नाहीत. मी स्वतः दोनदा मार्वेला जाऊन त्याच बोटीत बसून आले. सरळ असते.

आईने त्याच आठवड्यात स्वतःहून सांगितलं, तेंचे दिवस करून घेवया. गावच्या भटजींनी दर्भाचा पुतळा करून सगळं केलं. तिने मंगळसूत्र काढलं. बाबांचं ताट धुऊन, पुसून माळ्यावर ठेवलं. आता दुपारी घरात बोलण्याचा आवाज नसतो. पूर्वी संध्याकाळी मला उशीर झाला की ती दारात उभी असायची, तीही आता नसते. मी लॅच उघडून आत येते, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

डॉक्टर खूश आहेत. या वेळचे रिपोर्ट नॉर्मल आले. आई रोज एक वाजता जेवते.