इटली, अकराशे, डिलाईट

घाट सुरू झाला, की फियाटवाले भावजी आपल्या गाडीचा इतिहास सांगायला लागत. सपाट रस्त्यावर पावसापाण्याच्या, भातलावणीच्या गप्पा; पण मोखाड्याहून जव्हारला जाताना रस्ता खाली वळला, की स्वारी थेट इटलीत. "वहिनी, मूळची ही इटलीची. नाव अकराशे. तिथल्या साध्या संसारी माणसांसाठी काढलेली गाडी, नवरा-बायको, दोन पोरं आणि एक आजी मावेल अशी. मग ती मुंबईला आली. आधी उलट्या दारांची सिलेक्ट, मग सुपर सिलेक्ट, मग डिलाईट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी." तुमचे आजोबा मागच्या सीटवरून मला कोपराने ढोसत आणि म्हणत, "निघाले इटलीला."

ऋचा, तन्मय, तुम्ही ज्या गाड्यांतून फिरता त्या स्वतःच ब्रेक लावतात, असं तुमची आई सांगते. म्हणून आधी ही गाडी कशी होती ते सांगते. राखाडी निळ्या रंगाची डिलाईट. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच. पुढे तिघं बसू शकत. भावजी बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते, आमच्या शेजारी एकटे राहत. त्यांच्या पत्नी, काकू, लवकर गेल्या. त्यांनी गाडीच्या सीटांसाठी विणलेले क्रोशाचे रुमाल भावजी दर रविवारी स्वतः धूत.

ते गाडी इतकी सावकाश चालवत, की जीपवाले पोरगे त्यांना सोडत नसत. खोडाळ्याच्या बाजाराला निघालेली, टपावर माणसं बसलेली जीप शेजारून जाताना आवाज यायचा, "ओ फियाटवालं काका, गाडी गाभण हाय का?" भावजी शांतपणे म्हणत, "हाय रे बाबा. तुझी रिकामीच धावतेय." उतारावर पेट्रोल वाचवायला सगळे गाडी न्यूट्रलला टाकत, काही तर इंजिनही बंद करत. भावजींना ते मुळीच खपत नसे. "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर गाडी मोकळी सोडायची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ते वाक्य त्यांनी एकदाच मोडलं.

तुमची आई, नीला, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. श्रावण चालू होता. दुपारी तिला कळा सुरू झाल्या. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "बाळ आडवं आहे. जव्हारला न्या, आत्ता." तुमचे आजोबा कामाला ठाण्याला गेलेले. दवाखान्याची गाडी सूर्यमाळला. मी कुंपणाशी जाऊन "भावजी" एवढंच म्हणाले. ते जेवत होते. हात धुतला आणि किल्ली घेतली.

धुकं असं होतं, की बॉनेटच्या पुढे काही दिसत नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके देत उतरत होती आणि प्रत्येक गचक्याला नीला किंचाळत होती. "काका, नको हो... काका, हळू." भावजींनी दोन वळणं सोसलं. मग त्यांनी दांडा न्यूट्रलला टाकला. गाडी एकदम मऊ झाली. नीला गप्प झाली. मला बरं वाटलं, मला काय कळत होतं! नुसत्या ब्रेकवर आम्ही उतरत राहिलो. थोड्या वेळाने ब्रेक तापल्याचा जळका वास यायला लागला.

आणि भावजी बोलायला लागले. "मूळची ही इटलीची. नाव अकराशे..." आवाज नेहमीचाच, पण त्यांचा पाय पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होता आणि गाडी थांबत नव्हती. तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला फुशारकी समजत होतो, ती या माणसाची भीती होती. प्रत्येक घाटात ते असेच घाबरत होते.

"वहिनी, तिला घट्ट धरा. सिलेक्ट. सुपर सिलेक्ट." त्यांनी दांडा ओढून गिअर टाकला. इंजिन ओरडलं. डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला नुसतं पांढरं. "डिलाईट," असं म्हणून त्यांनी हँडब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. दगड पत्र्यावर खरवडल्याचा आवाज मला अजून दातांत जाणवतो. गाडी थांबली.

धुक्यातून एक बाई मोळी घेऊन आली. तिने मोळी टाकली, कुणी न सांगता चाकांना दगड लावले आणि दारातून आत वाकून नीलाच्या पोटावर हात ठेवला. "भ्या नको बाय. अजून येळ हाय." चाकं निवेपर्यंत ती नीलाची कंबर चोळत बसली. भावजी बॉनेटला टेकून उभे होते. "वहिनी, मी तिला मोकळी सोडली," ते म्हणाले. मी म्हटलं, "पोरीसाठी सोडलीत. आता चला."

बाकीचा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. नीला किंचाळत राहिली, भावजी इटलीपासून पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि शेवटी शेवटी त्यांच्याबरोबर मीही. ऑपरेशन झालं. ऋचा, तू जन्मलीस.

डाव्या बाजूचा तो ओरखडा त्यांनी कधी रंगवला नाही. पुढे पद्मिनी निघायची बंद झाली, त्यांची दृष्टी गेली, गाडी भंगारात गेली. नाशिकला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, तेव्हा आत नेण्याआधी त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, इटली..." त्यांना पुढचं सुचेना. मी सांगायला लागले. अकराशे, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाईट, प्रेसिडेंट, पद्मिनी.

"मग?" त्यांनी विचारलं.

बंद झाली, हे माझ्या तोंडून निघेना. "मग ऋचा," मी म्हणाले.

ते हसले. "ही मात्र गाभण गाडीतली." त्यांची स्ट्रेचरची गाडी आत ढकलली गेली आणि दार मिटलं. बाहेर बाकावर बसून मी पुन्हा पुन्हा इटलीपासून सुरुवात करत राहिले. भावजी गेल्याचं सांगायला डॉक्टर येऊन समोर उभे राहिले, तेव्हा मी डिलाईटपर्यंत आले होते.

तुमचं विमान हवेत असतं, तेव्हा मी काय पुटपुटते असं तुमची आई विचारते. देवाचं नाव घेते, असं मी तिला सांगते.