वीस सुया आणि एक भरलेला कप

झोपेत माणसाचे हात थरथरत का नाहीत?

हा प्रश्न मी आठ-नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा विचारला. अक्काचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, हात दिवसभर थरथरायचे आणि ती झोपली की एकदम गप्प! मी आईला विचारलं. ती म्हणाली, "गप झोप." शाळेत सरांना विचारलं. ते म्हणाले, "आधी पाढे म्हण." डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी मला बाहेर बसवलं. शेवटी अक्कालाच विचारलं.

"तू झोपायचं सोडून माझं हात बघत बसतोस व्हय रं?"

नववीत मी शाळा सोडली. उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

अक्काला जाऊन आता दोन महिने झाले. भेटायला येणारा माणूस दारात रडतो, आत येऊन बसतो, पाणी पितो आणि मग हळूच म्हणतो, "सच्या, तुला म्हाईत हाय काय, एकदा अक्कानं..." झालं! किस्सा सुरू. आमच्या शाहूपुरीतल्या खोलीत अक्का शिवणकाम करायची आणि हात थरथरणाऱ्या माणसांसाठी मनगटाचे पट्टे बनवायची. शिलाईच्या घरात चिंध्या साठतात तसे तिथं किस्से साठलेत. टाकवत नाहीत. कुणीतरी जोडायला पाहिजेत. मला शिवण सरळ येत नाही, पण बघतो.

* * *

अक्का तेवीस वर्षांची असताना तिला बघायला पावणं आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. पांढरी गाडी, पांढरे कपडे.

आईनं सांगितलं होतं, कप अर्धेच भर. पण काकूनं हौसेनं काठोकाठ भरले. अक्का ट्रे घेऊन बाहेर आली आणि कप-बशा वाजायला लागल्या. सगळे त्या आवाजाकडंच बघायला लागले. बघायला लागले की हात जास्त थरथरतात, हे तोपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. मुलाच्या वडलांपर्यंत ट्रे पोचला आणि चहा त्यांच्या मांडीवर!

ते उठून उभे राहिले. "मुलीला फिट येतात काय?"

अक्का म्हणाली, "फिट न्हाय येत. चहा लई भरलाय."

पावणं "कळवतो" म्हणाले. म्हणजे नाही कळवत. मला इतका राग आला की मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि त्यांच्या गाडीच्या चारी चाकांची हवा सोडली.

त्याचा परिणाम काय झाला? पावणं जाऊच शकले नाहीत. दुपार झाली, पंक्चरवाला जेवायला गेलेला. मग त्यांना जेवायला घालावं लागलं. आणि चूल कुणी पेटवली? अक्कानं!

वाढताना ती माझ्या कानात म्हणाली, "पुढच्या वेळी दोनच चाकांची सोड. न्हायतर भाकरी कमी पडतील."

* * *

पुढची वेळ आली नाही. अक्कानं बघण्याचे कार्यक्रम बंद केले आणि शिलाई मशीन घेतली. सगळे म्हणाले, थरथरत्या हातानं ही काय शिवणार? पण अक्कानं एक गोष्ट पकडली होती. कोळशाची जड इस्त्री हातात असली की तिचा हात गप्प राहायचा. इस्त्री ठेवली की परत चालू!

"सच्या, हाताला वजन पायजे," ती म्हणाली.

मी तेव्हा कागल पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत लागलो होतो. तिथं ओतलेले लोखंडी भाग साफ करायला त्यांवर बारीक लोखंडी छर्रे जोरात मारतात. सुपरवायझरला विचारून वापरलेले छर्रे डबाभर आणले. अक्कानं जुन्या ब्लाऊजची बाही कापली, त्याला उभे कप्पे पाडले, कप्प्यांत छर्रे भरले आणि तोंड बंद करायला पट्टा मशीनखाली घातला.

खट्ट! सुई छर्‍यावर बसून मोडली, कप्पा फाटला आणि छर्रे फरशीभर पळाले. आई आत आली आणि खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेली. दारात उभी असलेली शेजारची मावशी म्हणाली, "ह्या वयात स्केटिंग!"

तेव्हापासून कप्प्यांचं तोंड हातानंच शिवायचं ठरलं. पण हातशिलाईला सुई ओवावी लागते. पट्टा बांधून अक्का टाका सरळ घालायची, पण दोरा काही सुईच्या भोकात जायचा नाही. मग माझी ड्यूटी लागली. रोज सकाळी कामाला जायच्या आधी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. वीस म्हणजे वीस. एकदा मी एकोणीस ओवून पळालो, तर दुपारी फाउंड्रीच्या ऑफिसात फोन! क्लार्क धावत आला, "अरे, तुझ्या बहिणीचा अर्जंट फोन हाय!" मी हातातलं काम टाकून पळालो. फोन घेतला तर अक्का म्हणते, "एक राह्यलीय."

* * *

गिऱ्हाईक यायला लागलं तशी अक्कानं एक परीक्षा काढली. आमच्या समोर, गल्लीच्या पलीकडं बापूंची चहाची टपरी आहे. पट्टा तयार झाला की गिऱ्हाइकानं तो मनगटाला बांधायचा, टपरीवर जायचं, बापू काठोकाठ भरलेली कप-बशी हातात देणार, ती घेऊन गल्ली ओलांडायची आणि अक्काच्या मशीनपर्यंत यायचं. बशीत थेंब पडला तर पट्टा परत उसवायचा, वजन बदलायचं. बशी कोरडी असली तर चहा अक्काकडून!

ती प्रत्येकाला आधीच सांगायची, "पट्ट्यानं रोग बरा व्हत न्हाय. गोळ्या सोडू नका. पट्ट्यानं फक्त चहा पिता येतो."

मी एकदा म्हटलं, "अक्का, तू बी दे की परीक्षा. तुझ्या बी हातात पट्टं हाईत."

मशीन थांबली. "माझी घेतली की पावण्यांनी," ती म्हणाली आणि परत पायडल मारायला लागली.

दहा वर्षांत शेकडो माणसं ती गल्ली ओलांडून आली. अक्कानं एकदाही भरलेला कप उचलला नाही. स्वतःचा चहा पण अर्धाच घ्यायची. बापू रोज विचारायचे, "आज भरू काय?" ती म्हणायची, "उद्या."

* * *

एक म्हातारे वस्ताद आले. तालमीत आयुष्य गेलेलं. ऊन असून दोन्ही हात शालीत. अक्कानं माप घेण्यासाठी शाल बाजूला केली तर म्हणाले, "पोरी, हे औषधपाण्यासारखं दिसलं न्हाय पायजे. लोकं कीव करत्यात."

"मग कसं दिसाय पायजे?"

वस्तादांनी विचार केला. मग पायातल्या चपलेकडं बघितलं. "वाजलं पायजे!"

आता आपल्याकडं चपलेच्या तळात बिया घालून ती करकर वाजवतात, पण मनगटाचा पट्टा वाजवायचा कसा? अक्कानं मला चप्पल लाईनीत पिटाळलं. कारागीर म्हणाला, "हाताला चप्पल? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" पण त्यानं चामड्याचे दोन पट्टे करून दिले, आत तशाच बिया घालून. वर अक्कानं छर्‍यांचे कप्पे बसवले.

परीक्षेच्या दिवशी वस्ताद भरलेला कप घेऊन गल्लीतून निघाले. पायात करकर, हातात करकर! रिक्षा थांबल्या. बशी कोरडी!

दुसऱ्या दिवशी तालमीतली सहा पोरं दारात. धडधाकट, हात दगडासारखे.

अक्का म्हणाली, "तुमचं कुटं थरथरतंय रं?"

"कुटंच न्हाय अक्का. पण आमाला बी वाजणारा पायजे!"

* * *

जयसिंगपूरकडच्या एका जैन घरातल्या आजी आल्या. व्यापारी घर, दारात मोठी गाडी. बसायच्या आधीच विचारलं, "चामडं न्हाय न्हवं बाई?"

"न्हाय आजी. सगळं सुती."

आजींची अडचण वेगळीच होती. सूर्य मावळला की त्या जेवत नाहीत. आणि हात असे थरथरायचे की घास तोंडापर्यंत पोचायला वेळ लागायचा. पाच वाजता ताट घेऊन बसल्या तरी निम्म्या जेवणात सूर्य बुडायचा आणि त्या तशाच उठायच्या. सुना भरवायला तयार होत्या. पण आजी म्हणाल्या, "चार पोरं भरवून वाढवली मी. आता मला कोण भरवणार?"

अक्कानं त्यांचे पट्टे तीनदा उसवले. पहिले जड झाले, दुसरे हलके. तिसऱ्या वेळी बशी कोरडी आली, तरी अक्काचं समाधान होईना. "चहाचं खरं न्हाय," म्हणाली. "ताटाचं कळवा."

दोन दिवसांनी संध्याकाळी फोन आला. अक्कानं स्पीकरवर टाकला. पलीकडून आजी ओरडत होत्या, "बाई, जेवून झालं! ताक बी पिऊन झालं! आन् अजून ऊन हाय की गं! आता मी करू काय?"

* * *

पुण्याहून एक साहेब आले होते. त्यांच्याकडं बॅटरीवर चालणारा हातमोजा होता. आत मोटर फिरते, थरथर दाबून टाकते. वस्तू भारी होती, खोटं का बोला. साहेबांनी तो बापूंच्या म्हाताऱ्या भावाच्या हातात घातला आणि परीक्षा द्यायला पाठवलं. म्हातारा एकदम झोकात निघाला. अर्ध्या गल्लीत हातमोजा "टूंऽऽ" असं वाजला आणि गप्प झाला. चार्जिंग संपलं! चहा, बशी, म्हातारा, सगळं थरथरायला लागलं.

मी खो खो हसलो. अक्कानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. साहेबांना म्हणाली, "वाईट न्हाय हो तुमचं. त्याला चार्जिंग लागतं, माझ्याला सुया लागत्यात. कुणाचं तरी कायतरी लागतंच."

साहेब खूश झाले. जाताना तिला सुई ओवायचं छोटं यंत्र भेट दिलं. ते गेल्यावर अक्कानं ते बघितलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे धराय बी हात गप्पच लागतोय की रं! घे तूच."

मी पण कधी वापरलं नाही. वीस सुयांना वेळ कितीसा लागतो?

* * *

दारावर मी 'बंद' अशी पाटी लावलीय, तरी मागच्या आठवड्यात एक माणूस दारात आला. गारगोटीकडचा. पट्टा पाहिजे म्हणाला. मी त्याच्या अंगावरच ओरडलो, "वाचता येत न्हाय व्हय? बंद हाय! पट्टा करणारी गेली!"

तो बिचारा थरथरत्या हातानं पिशवी उचलून निघाला. बापू टपरीवरनं बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

मी अनवाणी पळत सुटलो. त्याला स्टँडच्या अलीकडं गाठलं आणि रिक्षात बसवून परत आणलं. अक्कानं कापून ठेवलेलं कापड होतं. छर्रे होते. सुया ओवलेल्या होत्या, भरपूर. कशा, ते सांगतो. मी हातानं शिवलं, अक्कानं बघितलं असतं तर जोडा काढला असता असं. तो माणूस कप घेऊन आला. बशीत दोन थेंब!

मी उसवलं. परत शिवलं. चौथ्या वेळी बशी कोरडी आली. चहा माझ्याकडून.

* * *

आता अक्काचा शेवटचा दिवस तेवढा सांगतो.

अक्काला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात ताप होता, पाचव्या दिवशी उतरला. सगळ्यांना वाटलं, सुटली. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, हे नंतर कळलं. त्या दिवशी सकाळी सलाइन पण काढलं होतं. अक्काला कागदी कपात चहा चालत नाही म्हणून मी घरची कप-बशी नेली होती.

वॉर्डात पलीकडच्या टोकाला एक म्हातारी होती. खेड्यातली. हात लई थरथरायचे. सून औषधं आणायला खाली गेलेली. चार वाजता चहावाला किटली घेऊन आला. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. चहा मागायचा आणि सांडायचा, त्यापेक्षा नकोच.

अक्का उठून बसली. उशीखालचे पट्टे काढून मनगटाला बांधले. चहावाल्यापुढं आमची कप-बशी धरली.

"भर."

त्यानं अर्धा भरला.

"काठोकाठ भर की रं!"

मी उठलो. ती म्हणाली, "बस खाली."

मग अक्का चालत गेली. एक खाट, दोन खाटा, तीन. नर्स थांबली. सगळा वॉर्ड बघत होता. सगळे बघत असताना! सहाव्या खाटेशी ती पोचली, कप म्हातारीच्या ओठाला लावला आणि बशी वर करून लांबनंच मला दाखवली.

कोरडी.

परत येताना तिनं म्हातारीच्या मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं. तो दोरा माझ्या हातात दिला आणि आडवी झाली.

"बघत काय बसलायस? हिचा पट्टा करायचाय. उद्याच्या सुया ओव."

सुयांचं नवं पाकीट माझ्या खिशातच होतं, रीळ पण. मी स्टुलावर बसून ओवायला लागलो. वीस झाल्या तेव्हा मान वर केली. अक्काला झोप लागली होती. हात चादरीवर होते, गप्प.

मी एकविसावी काढली. मग बाविसावी. मग अख्खं पाकीट ओवलं.