भाट्याला उतरणाऱ्या साळवीबाई

आमच्या कचेरीतल्या टायपिस्ट साळवीबाईंचा एसटीचा पास पावस गावापर्यंतचा होता. उतरायच्या मात्र रोज अलीकडे, समुद्रकाठच्या भाट्याला. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मीही पावसचाच, त्याच गाडीचा. एकदा न राहवून विचारलं, "भाट्याला तुमचं कोण असतं हो?"

"कोण नाय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर उतरते."

मी मुलखाचा चौकस. एके संध्याकाळी मागोमाग उतरलो. बाई सुरूच्या बनात चपला काढून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बसा, पण बोलायचं नाय हां."

बसलो. सुरूतून वारा हळूहळू सरकत होता. ओहोटीचं पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळेना. बाई अर्धवट झोपेतल्यासारख्या स्वतःशीच हसत होत्या. पहाटेपासून घर, मग टाइपरायटर, परत घर. मधला हा पाऊण तास तेवढा त्यांचा. मग पुढची गाडी धरायच्या आणि घरी सांगायच्या, एसटीला उशीर झाला.

रविवारी मी त्यांच्या यजमानांकडे, साळवी मास्तरांकडे पत्ते कुटायला जात असे. एकदा पत्ते पिसता पिसता मास्तर म्हणाले, "एसटीचं काय खरं नाय. ही रोज सातला पोचते."

माझी जीभ वळवळलीच. "गाडी वेळेवर असते हो. वहिनीच भाट्याला बसतात."

मास्तर भला माणूस, रागावले नाहीत. उलट म्हणाले, "एकटीच? मग मीपण जातो की सोबतीला!" दुसऱ्या दिवसापासून ते भाट्याच्या थांब्यावर हजर. वेळ फुकट जायला नको, म्हणून येताना पावट्याच्या शेंगा घेऊन यायचे. बाई वाळूत बसून शेंगा सोलायच्या, मास्तर शाळेतल्या गमती सांगायचे. पाचव्या दिवशी बाई उतरल्याच नाहीत.

मी ओशाळून म्हटलं, "चुकलंच माझं. मास्तरांना ठाऊक व्हायला नको होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "रविवारी तुम्ही पत्ते किती वेळ खेळता?"

"दुपारपासून दिवेलागणीपर्यंत."

"तुमच्या घरी ठाऊक असतं?"

"असतं की."

"बघा," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ठाऊक असून चालतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी पावसच्या चढाला लागली आणि बाईंनी भाजीची पिशवी मांडीवर घेतली.