टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

त्या शनिवारी जामखेडच्या पुढं माळावर गाडी बंद पडली आणि माझा मारुतीरायावरचा विश्वासच उडाला. मागं ट्रकच्या हौद्यात धाकट्या बहिणीची गाय आडवी पडलेली, पोटातलं वासरू अडलेलं. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. "नगरला न्या, ऑपरेशनच करावं लागेल, उशीर करू नका," म्हणाले होते. बहिणीचा नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका गायीच्या दुधावर चालतं. ती गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी स्टेअरिंगवर मुठी आपटत होतो.

ट्रक वडिलांच्या वेळचा. त्याचं दुखणं मीच काढतो, मेकॅनिकच्या दारात उभा राहत नाही, हा माझा तोरा. महिनाभर गाडी अशीच गचके देऊन मधेच बंद पडायची. डिझेल फिल्टर बदलला, पाइप तोंडानं फुंकून पाहिले, वॉशर नवे टाकले. दरवेळी थोड्या वेळानं चालू व्हायची आणि मी मिशीवर ताव द्यायचो. माझ्या दुरुस्तीनं नव्हे, नुसती उभी राहिल्यानं ती चालू होत होती, हे कुठं ठाऊक!

त्या दिवशी मात्र काही केल्या ऐकेना. डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा काढून झाली, हात डिझेलनं माखले.

"दादा, हिचं डोळं फिराय लागलं रं!" बहीण हौद्यातून ओरडली.

"मग मी काय करू? मारुतीला इचार!" मी खेकसलो. सकाळीच तर त्याच्या देवळातून तेलात कालवलेला शेंदूर आणून टाकीच्या झाकणाला लावला होता. दर शनिवारी गाडीच्या पोटाला देवाचं बोट लावायचं, ही वडिलांची रीत. गायीसाठी म्हणून त्या दिवशी जरा जास्तच थापला होता.

तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ डबा घेऊन पुढ्यात उभा. "मालक, वाईच डिझेल द्या. मेंढीच्या जखमंत किडं झाल्यात, त्यावर वतायचंय."

माझं डोकंच फिरलं. "हितं आमचा जीव चाललाय, आन् तुला डिझेल पायजे व्हय?"

"तिचाबी जीवच हाय की, मालक."

वरून बहीण म्हणाली, "दे रं दादा. आपलं तर काय हुईना, तिचं तरी हुऊ दे."

तिचा तो थकलेला आवाज ऐकून माझी सगळी अकड गळून गेली. देवा, माझ्यानं होत नाही आता, तूच बघ, असं मनात म्हणालो आणि झाकण फिरवलं.

टाकीनं सुस्स करून हवा आत ओढली. मी झाकण हातात धरून बघतच राहिलो. टाकीत हवा जायला झाकणाला एक बारीक भोक असतं. शेंदराच्या पुटांनी ते पार लिंपून गेलं होतं. आत हवा नाही, म्हणून डिझेल पुढं सरकत नव्हतं. एरवी गाडी उभी राहिली की थोडी हवा झिरपायची, त्या दिवशीच्या जाड थरानं तीही वाट बंद केली होती. मीच देवाच्या नावानं गाडीचा गळा दाबला होता.

म्हाताऱ्याचा डबा भरून दिला, तारेनं भोक मोकळं केलं, पुन्हा पाइपातली हवा काढली आणि सेल्फ मारला. गाडी चालू झाली! बहीण हुंदका देऊन हसली. आभार मानायला वळलो तर म्हातारा मेंढीपाशी वाकलेला, माझ्याकडं त्याचं लक्षही नव्हतं.

नगरला ऑपरेशन झालं. वासरू हाती लागलं नाही. गाय वाचली.

आता शेंदूर मारुतीलाच लावतो. शनिवारी झाकण पुसून भोकावर फुंकर मारतो, एवढीच माझी पूजा. आणि घाईत असताना वाटेत कुणी काही मागितलं, की गाडी आपोआप कडेला घेतो. त्या दिवशी मी देवाकडं मागत बसलो होतो आणि तो माझ्याकडं डबाभर डिझेल मागत होता.