आईच्या वयाचं गणित

ब्याण्णव साली माधवनगरात आई घरीच रहाटावर मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांत सूत भरायची. धागा तुटला की गाठ मारल्याशिवाय चाक पुढं न्यायची नाही. तिला अक्षरओळख नव्हती, तरी बीजगणित मला तिच्यापुढं मोठ्यानं सोडवावं लागे. पायरी गाळली की चाक थांबे. "हे कुठनं आलं?" मला कधी एकदा उठते असं झालेलं असायचं, पाय सारखा हलायचा.

त्या दिवशीचं गणित असं, की आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे आणि बारा वर्षांनी दुप्पट होईल. मुलीचं वय क्ष मानलं, आईचं तीन क्ष. दोघींत बारा मिळवले, समीकरण मांडलं, क्ष बारा आला.

"मुलगी बारा, आई छत्तीस. झालं," म्हणत मी वही मिटली.

चाक थांबलं. "म्हंजे चोविसाव्या वर्षी झाली व्हय ही पोर? थोरलीच हाय न्हवं?"

"पुस्तकात एकच मुलगी आहे. ते विचारलेलं नाही," मी चिडले.

"मग शिकलेली आसंल ती बाई," म्हणत तिनं चाक फिरवलं.

मी तेव्हा तेराची होते, आई एकोणतीसची. ही वजाबाकी करायला एकही पायरी लागत नव्हती, तरी मी ती तोवर केली नव्हती.