कावळ्याच्या घासाला ससा

माह्या बंडीच्या उजव्या खिशात आधी तंबाखूची डबी राह्यची, मंग तिथं ससा राह्यला आला. डबीला डाव्या खिशात जावं लागलं.

झालं असं, की सोयाबीन काढताना कुत्र्यांनी सशीण धरली. मागं हे पिल्लू उरलं, मुठीत मावंल एवढं. (नर का मादी ते मला आजून कळलं न्हाई!) तीर्थपुरीला जनावराच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्तो. तो म्हणला, "आबा, नुसत्या दुधावर किती काढंल? आपल्या तोंडानं पाला खाल्ला तर जगंल, न्हाई तर न्हाई."

दूध पाजायला मी देवाच्या वाती घेतल्या. वात शेळीच्या दुधात बुडवायची अन् त्याच्या तोंडाला लावायची. चोखायचं बराबर! देव अंधारात, ससा मजेत.

"मामा, वाती कुठं गेल्या?" सूनबाईनं विचारलं.

"मला काय माहीत?" मी म्हणलो. तर खिशातून वातीचं टोक बाहेर, अन् त्याच्या मागं मिशा!

पण पाला? दूर्वा ठेवल्या, शेळीचा लसूणघास ठेवला. हुंगायचं अन् तोंड फिरवायचं. माही बायको गंगू शेवटच्या दुखण्यात असंच तोंड फिरवायची. मी घास घेऊन बसायचो अन् ती भिताडाकडं बघायची. म्हणून या सशाचा मला लई राग यायचा. अन् म्हणूनच त्याला खाली ठेववत न्हवतं.

तेवढ्यात गंगूचं वर्षश्राद्ध आलं. कुंभार पिंपळगावहून तिची बहीण सखू आली. वयानं धाकटी, आवाजानं थोरली! उंबऱ्यातच तिला माहा खिसा हलताना दिसला.

"दाजी, खिशात काय वळवळून राह्यलं?"

"ससा."

"आगं बाई! श्राद्धाच्या घरात रानचं जनावर? पान झालं की जल्दी सोडून या रानात!"

"कुत्रे खातील त्याला. पाला खायला लागलं की सोडतो."

"बिलकुल न्हाई! आजच!"

लिंबाखाली पान मांडलं. पुरण, वडे, कढी, अन् वर कोवळी मेथी, कच्चीच. गंगू भाजी निवडताना अर्धी जुडी अशीच चावून टाकायची. पान ठेवून आम्ही मागं सरकलो. कावळे फांदीवर बसलेले, पण खाली उतरंनात. ऊन डोक्यावर आलं. पोटात कावळे ओरडायला लागले, तेवढेच काय ते जवळचे!

"ताईची काहीतरी इच्छा राह्यली," सखू म्हणली. "कबूल करा एकेक!"

माहा पोरगा दत्ता पुढं झाला. "आई, मी मोटरसायकल हळू चालवीन." कावळ्यानं मान वळवली.

सून म्हणली, "आत्याबाई, तुमच्यासारखीच आमटी करीन." कावळ्यानं चोच पुसली. (त्यानं तिची आमटी खाल्ली असावी.)

शेवटी सखूच रडकुंडीला आली. "ताई, तुही पितळी परात मीच नेलती, परत देते गं!" ती परात आम्ही वर्षभर हुडकून राह्यलो होतो!

मंग सगळे माह्याकडं वळले. गंगूनं जन्मभर काय मागितलं, ते साऱ्या गावाला ठाऊक. डबी ती पिठात लपवायची, मी पीठ चाळून काढायचो.

"गंगे, तंबाखू सोडली!" मी ओरडलो.

कावळे उडूनच गेले. त्यांना बी माह्यावर भरोसा न्हाई!

माहं डोकं फिरलं. डाव्या खिशातली डबी काढली अन् पानाशेजारी आपटायला वाकलो, तर उजव्या खिशातून ससा टुणकन पानापाशी!

"आगं आई! पान बाटवलं!" सखू धावली.

"थांब! हलायचं न्हाई कोणी!"

सशानं पुरण हुंगलं, सोडून दिलं. वडा हुंगला, सोडून दिला. मंग मेथीचं एक पान धरून ओढलं, अन् कुरुकुरु, कुरुकुरु! ते संपलं, दुसरं धरलं!

"खाल्लं! आपल्या तोंडानं खाल्लं!" मी सत्तरीचा माणूस, बायकोच्या वर्षश्राद्धाला अंगणात नाचलो. डोळ्याला धार लागलेली, अन् पाय काही थांबंनात.

सखू मटकन खाली बसली. हात जोडले. "ताईच आली वो! मेथीच खाल्ली, दुसऱ्या कशाला तोंड लावलं न्हाई!" मघाशी जिला ससा नको होता, ती आता पदरानं त्याला वारा घालून राह्यली. "दाजी, मोठी होऊस्तोर हलवायचं न्हाई हिला."

जिंकलो! दोन्हीकडून जिंकलो! ससा जगला अन् सखू हरली. तेवढ्यात ती म्हणली, "अन् दाजी, तंबाखू सोडली म्हणल्यावरच ताईनं घास घेतला. आता मोडायचं न्हाई." दत्तानं डबी उचलली अन् सरळ चुलीत टाकली.

ससा दणकट झाला, तवा तुरीत सोडला. परवा बांधावर गड्याकडून चिमूटभर तंबाखू मागून घेतली. चुना लावला, मळली, आता तोंडात टाकणार, तर तुरीतून दोन कान वर आले!

"न्हाई गं, नुसता वास घेऊन राह्यलो," मी म्हणलो, अन् तळहात झाडून टाकला.

गंगू होती तवर तिला कधी भ्यालो न्हाई. ससा साऱ्या जगाला भेतो, अन् हा म्हातारा सशाला!